भेगाळलेल्या हातांना आधी पाणी, मग तेल

धुणीभांडी, झाडलोट, सिमेंटचा माल कालवणे, रंगकाम, कचरा उचलणे. ही कामे करणाऱ्या हातांना भेगा पडणारच, असे आपण धरून चालतो. थंडीत त्या वाढतात, मीठ-मिरची लागली की झोंबतात, आणि एखादी भेग पिकली की चार दिवसांची मजुरी बुडते. घरच्या घरी यावर बरेच काही करता येते. फक्त क्रम चुकू नये.

आपल्या त्वचेच्या वरच्या थरात मुळातच तेलकटपणा असतो. तो आतले पाणी उडू देत नाही. साबण, धुण्याचा सोडा आणि भांड्यांची पावडर हा तेलकटपणा धुऊन नेतात. गरम पाण्याने तर तो आणखी लवकर जातो. मग कातडी कडक होते आणि मूठ वळताना फाटते. तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेले पाणी धरून ठेवते. म्हणून सुकलेल्या हाताला कितीही तेल चोळले तरी फारसा फरक पडत नाही.

रात्री सगळे काम आटोपले की हात साध्या किंवा कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटे बुडवून ठेवा. साबण नको. फडक्याने नुसते टिपा आणि हात ओलसर असतानाच खोबरेल तेल लावा. बोटांची पेरे आणि नखांच्या कडा विसरू नका. वरून जुने सुती पायमोजे हातात घालून झोपा. पोरे हसतील, हसू द्या. दिवसाही हात धुतल्यावर दोन थेंब तेल पुरते.

कोकणातल्या घरांत कोकमाचे तेल असते. भिरंडेल म्हणा की मुठेल, त्याचा घट्ट गोळा हाताच्या उबेने मऊ होतो आणि भेगेत टिकून राहतो. गावाहून येणाऱ्याला आणायला सांगावे. ते नसेल तर चार चमचे खोबरेल आणि एक चमचा मधमाशीचे मेण एका वाटीत घ्या, ती वाटी गरम पाण्यात ठेवून दोन्ही वितळवा. थंड झाले की मलम तयार. साधी पेट्रोलियम जेलीही उत्तम काम करते. ती झाडपाल्याची नाही म्हणून टाळू नका.

काही उपाय मात्र बंद करावेत. उघड्या भेगेवर लिंबू चोळू नये, चुना भरू नये, इन्स्टंट गमने भेग चिकटवू नये. रंगारी भाऊ हात रॉकेलने किंवा थिनरने धुतात, त्याने कातडी आणखी फाटते. आधी गोडेतेल चोळून रंग सैल करा, पुसा, मग साबण लावा. ओले सिमेंट अंगाला लागले तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. त्यात कातडी भाजून काढणारा क्षार असतो आणि तेल लावल्याने त्यापासून बचाव होत नाही.

तिथे हातमोजेच हवेत. कचरा हाताळणाऱ्या कामगारांना हातमोजे, गणवेश, रेनकोट, पादत्राणे आणि मास्क मिळालेच पाहिजेत, हे घनकचरा व्यवस्थापन नियमांत लिहिलेले आहे. ठेकेदार "मोजे घरून आणा" म्हणाला, तर चौघा-पाचजणांनी मिळून लेखी मागणी द्या आणि तिची पोच घ्या. रबरी मोज्यांच्या आत घामाने हात भिजतात, म्हणून आत पातळ सुती मोजे घाला आणि मधूनमधून हात मोकळे करा.

बोटांच्या बेचक्यांत पांढरे पडून खाज सुटत असेल, तर तिथे तेल नको. तो बुरशीचा त्रास असू शकतो, जागा कोरडी ठेवावी आणि औषध घ्यावे. भेगेतून पू येणे, लाली वर चढणे, ताप येणे, किंवा मधुमेह असताना भेग न भरणे, यात घरगुती उपायांवर दिवस घालवू नका. आणि भेग खोल असूनही दुखत नसेल, हाताला चटका कळत नसेल, तर सरकारी दवाखान्यात कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्याचे औषध तिथे मोफत मिळते आणि वेळेवर घेतले तर बोटे वाकडी होण्यापासून वाचतात.