जेवलास का, ते कुणी सांगितलं नाही

घाटनांदूर, ता. अंबाजोगाई, जि. बीड
आगमनकाळाचा पहिला आठवडा

चि. बाळास,



फोन केला की तू "आत्या, नंतर करतो" म्हणतोस, आणि ते नंतर काही उजाडत नाही. म्हणून कागद घेतला. जन्मभर मास्तरीण होते, लिहायला बसले की थांबत नाही, तेवढं सोसून घे.

परवा लातूरच्या लग्नाहून परतताना आपल्या मंडळीतल्या बायका इथे उतरल्या. चहा उकळेपर्यंत नवरीचा शालू झाला, मटणात मीठ कमी होतं ते झालं, मग एकीनं आवाज खाली केला आणि तुझा विषय निघाला. पाळकसाहेबांनी पंगतीत जेवणावर आशीर्वाद मागायला तुला सांगितलं, उपदेशक अण्णांचा नातू म्हणून कौतुकानं सांगितलं, आणि तू "दुसऱ्या कुणाला सांगा" म्हणून भरल्या ताटावरून उठलास. दुसरीनं भर घातली: वहिनी गेल्यापासून तू पुण्यात उपासनेला फिरकत नाहीस, आणि वर ऐकणारं कुणी नाही असं खोलीतल्या पोरांना सांगतोस. मी विचारलं, मग तो नंतर जेवला का? तर एकमेकींकडे बघायला लागल्या. तुझ्या विश्वासाची सगळी खबर त्यांच्याकडे होती, जेवणाची कुणाकडेच नव्हती.

आता रागावते, ऐकून घे. अरे, भरल्या ताटावरून उठतात का? तुझ्या आजोबांनी सायकलला भाकरीचं फडकं बांधून बालाघाटातल्या वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या, कुणी नुसता ठेचा वाढला तरी त्यावर डोळे मिटून हात जोडले. त्यांचा नातू चारचौघांत असा उठून जातो? पाळकसाहेबांचं तोंड एवढंसं झालं असेल. दादाला तर लोकांना काय सांगावं ते सुचत नाही, तो हल्ली बाजारालाही गल्ली बदलून जातो. चार शब्द म्हटले असतेस तर काय झिजला असतास? येत नाहीत असंही नाही. शब्बाथ शाळेत सगळ्यांत लांबलचक प्रार्थना तुझीच असायची, समोरचा भात निवेपर्यंत तू राज्यकर्त्यांपासून गाईगुरांपर्यंत सगळ्यांना आशीर्वाद मागायचास, आणि वहिनी पदराआड हसायची.

झालं रागावून. वहिनीचं नाव आलं आणि पुढचं सुचेना.

तिच्या आजारात काय झालं ते मीही पाहिलं आहे. गावोगावच्या मंडळ्यांनी तिच्यासाठी उपास धरले, रात्र रात्र प्रार्थना झाल्या, तू तर दवाखान्याच्या जिन्यात गुडघे टेकून बसायचास. ती गेली. आणि त्याच दिवशी व्हरांड्यात एकानं तुझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "पोरा, आपला विश्वास कमी पडला." मी डबा घेऊन शेजारीच उभी होते. तुझा चेहरा मी पाहिला. तिथे बोलायला हवं होतं. आज लिहिते: ते खोटं आहे. देव काही सावकार नव्हे, की विश्वासाचं माप भरलं तर आई सोडीन आणि मापात कमी पडलं तर ठेवून घेईन. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी प्रभूला हेच विचारलं होतं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभूनं सांगितलं, दोघांचंही नाही. तुला ज्यानं दोष लावला त्याला शास्त्र तोंडपाठ आहे, तरी योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय त्यानं पुन्हा एकदा वाचावा. तू त्याच्यावर रागावून देवाचं ताट सोडलंस की काय, अशी मला शंका येते. आणि खरंच, त्या दिवशी तू नंतर कुठे जेवलास?

तुझ्या आजोबांच्या घरातला जुना फोटो आठवतो ना, ज्यात मी फ्रॉकमध्ये आहे आणि माझ्या शेजारची जागा रिकामी वाटते? 1972 चा पाऊस गेला आणि पुढचा उन्हाळा मराठवाड्यावर नुसता कोसळला. आई खडी फोडायला जायची, आम्हा पोरांना सुकडी मिळायची, रेशनवर तांबडी मिलो. त्या उन्हाळ्यात हगवणीनं धाकटी गेली. तिच्यासाठी मी केलेली प्रार्थना मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे, म्हणून ती मी कधी कुणाला सांगत नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मी गाणारी पोरगी म्हणून मंडळीत मिरवले. 'उपासना-संगीत' उघडायची, पेटीच्या सुराला सूर लावायची, बायका डोळे पुसायच्या. माझ्या आत मात्र शुकशुकाट. एकदा अण्णांनी ओट्यावर बसल्या बसल्या विचारलं, "तुझं नि प्रभूचं बरं चाललंय ना?" मी म्हटलं, "हो अण्णा." त्यांनी मान हलवली. त्यांचीही ती लेक होती. त्यांचं स्वतःचं कसं चाललं होतं, हे मी उलट विचारलं नाही, आणि आता ते विचारायला कुणी उरलं नाही.

म्हणून मघाशी लिहिलं ना, की चार शब्द म्हणायचे होतेस, ते राहू दे. मी म्हटले होते ते शब्द. त्यांनी माझा मुक्काम त्या शुकशुकाटात लांबवलाच.

तू पुण्याहून गाडीनं येतोस तेव्हा दौंडच्या आधी केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. तुला शब्बाथ शाळेत रमाबाई शिकवल्या त्या पांढऱ्या साडीतल्या, दुष्काळातल्या पोरी पोटाशी धरणाऱ्या, बायबलचं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर करणाऱ्या. 1905 साली मुक्तीत मोठं संजीवन झालं, शेकडो मुली रडत, हाका मारत प्रार्थना करत होत्या, ते तर प्रत्येक सभेत सांगतात. त्याच्या वीस वर्षं आधीच्या रमाबाई मात्र कुणी सांगत नाही. मला त्याच जवळच्या वाटतात.

1874 च्या दुष्काळात तिकडे मद्रास इलाख्यात त्यांचे वडील आणि पाठोपाठ आई उपासमारीनं गेली, मग थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा पटकीनं गेला. चोविसाव्या वर्षी पदरात एक तान्ही पोर. पुढच्या वर्षी इंग्लंडात वाँटेज इथे जोगिणींच्या मठात राहत असताना त्यांनी लेकीसह बाप्तिस्मा घेतला, 29 सप्टेंबर 1883 ला. आता सगळं सुरळीत झालं असेल असं आपल्याला वाटतं. झालं नाही. कानांनी ऐकू येणं कमी होत गेलं, डॉक्टर व्हायचं राहिलं. आणि विश्वासाच्या बाबतीत तर एकामागून एक प्रश्न. त्रैक्य कसं मानायचं? येशूच्या देवत्वाबद्दल मंडळी सांगते तेच का? बिशप सांगतील ते माझ्या विवेकापेक्षा मोठं कसं? क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत? अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा त्या खाईनात.

त्यांची धर्ममाता होती सिस्टर जेराल्डीन. रमाबाईंची लेक मनोरमा तिला आजीबाई म्हणायची. हिनं रमाबाईंना लांबच लांब पत्रं लिहिली. तुला गर्व झाला आहे, तू ऐकत नाहीस, ज्यांनी तुला आणलं त्यांना तू दुखावतेस. रमाबाईंनीही तितकीच लांब उत्तरं धाडली, मला विवेक दिला आहे तो गहाण टाकायला नव्हे, अशा अर्थाची. ही पत्रं पुढे पुस्तकरूपानं छापली गेली. मी पूर्वी ती वाचली तेव्हा रमाबाईंच्या बाजूनं टाळ्या वाजवल्या होत्या. काल रात्री तुला हे पत्र लिहायला घेतलं, पहिलं पान वाचून पाहिलं, तर त्यात जेराल्डीनच बोलत होती! बिचारीचं प्रेम होतं रे त्या पोरीवर. भीतीनं तिला दुसरं काही सुचलं नाही.

आता मला तुला जे सांगायचं आहे ते एवढंच. रमाबाईंनी नंतर आपल्या साक्षीत लिहून ठेवलं, की बाप्तिस्मा घेऊन वर्षं झाली तरी मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता. तो सापडला तेव्हा त्या वाँटेजला नव्हत्या, इकडे शारदासदन चालवत होत्या, सनातनी आणि सुधारक दोन्हीकडून टीकेचे दगड झेलत होत्या. पत्रांतल्या त्या भांडणाच्या काळात त्या दोन गोष्टी करत राहिल्या: जे पटत नाही ते पटलं म्हणाल्या नाहीत, आणि बोलणं सोडलं नाही. जेराल्डीनशी नाही, देवाशीही नाही. 1905 आलं ते 1885 मधूनच आलं. शेवटी 1921 मध्ये ती मनोरमाही गेली, आणि रमाबाई बायबलाच्या कामाला पुन्हा बसल्या, पुढच्या एप्रिलात स्वतः जाईपर्यंत. त्या नऊ महिन्यांत त्यांच्या मनात काय होतं कोण जाणे. तेव्हाही त्यांनी देवाला दोन गोष्टी सुनावल्या असतील असं मला वाटतं.

तू उपासनेला जात नाहीस याचं मला तेवढं भय नाही. तू बोलत नाहीस याचं आहे. माझ्याशी बोलत नाहीस, दादाशी नाही, त्याच्याशीही नाही. "वर कुणी नाही" हे तू खोलीतल्या पोरांना सांगतोस; ते त्यालाच तोंडावर सांग. प्रार्थनेत असलं बसत नाही असं वाटत असेल तर 88 वं स्तोत्र उघड. बाकीची बहुतेक रडगाणी निदान शेवटी तरी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारावरच संपतं. तरी ज्यांनी शास्त्र जमवलं त्यांनी ते काढून टाकलं नाही. तुझ्यासारख्याची त्यात सोय करून ठेवली आहे.

आणि एलीया. कर्मेलावर आकाशातून अग्नी उतरवणारा तो संदेष्टा, पुढच्याच अध्यायात रानातल्या रतामाच्या झाडाखाली आडवा पडून मरण मागतो. देवदूत आला. त्यानं उपदेश केला नाही, विश्वास कमी पडला म्हणाला नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा घडा उशाशी ठेवला. एलीया खाऊन पुन्हा झोपला, तरी देवदूत त्याला बोलला नाही. परत उठवून परत खाऊ घातलं. वाट लांबची आहे, म्हणाला. मी तुला पुनःपुन्हा जेवणाचं का विचारते ते आता कळलं असेल. माझी धर्मविद्या सध्या तेवढ्यावरच येऊन थांबली आहे.

आपल्या शेतात या वर्षीही सोयाबीनमध्ये तूर होती. सोयाबीन असेपर्यंत तूर कशी खाली दबून असते, तुला माहीत आहे; नव्या माणसाला तर ती दिसतही नाही. सोयाबीन निघून रान उघडं पडलं, की तिला ऊन मिळतं आणि ती फांद्या टाकते. आता फुलावर आली आहे. लहानपणीची गाणी, बक्षिसं, वहिनीच्या मांडीवरच्या प्रार्थना, ते तुझं पहिलं पीक निघालं बाळा. रान उघडं पडलंय, डोळ्यांना बरं दिसत नाही. पण नांगर घालू नकोस एवढ्यात.

करायचं म्हणशील तर थोडंच आहे. रात्री वेळेवर झोप. रविवारी एकटा खोलीत बसू नकोस. उपासनेला नको असेल तर कुणा भल्या माणसाकडे जेवायला जा. पाळकसाहेबांना एक फोन कर, माफीचा नको, साधाच. ते मनाला लावून घेणारे नाहीत. परवा तुझ्याबद्दल विचारत होते, आणि त्या बायकांसारखं आवाज खाली करून नव्हे. जमलं तर दादाशी बोल. तोही वहिनीच्या फोटोसमोर बसून असतो आणि मी गेले की पेपर वाचल्यासारखं करतो. तुम्ही दोघं बापलेक एकच दुःख दोन खोल्यांत घेऊन बसला आहात.

नाताळाला ये. इथे आपली घरचीच उपासना, पाच-सहा घरांची. तुला कुणी प्रार्थना करायला सांगणार नाही, मी सगळ्यांना बजावून ठेवते. बसावंसं वाटलं तर बस, नाहीतर मागच्या खोलीत झोप, कुणी उठवणार नाही. गाणं आवडलं तर गा, नाही आवडलं तर मला सांग, आपण दोघं मिळून नावं ठेवू. आणि देवाशी भांडण अजून चालूच असेल तर ते घेऊनच ये. या घरात ते नवीन नाही, फक्त आजवर कुणी ते मोठ्यानं केलं नाही. मी तुझ्या शेजारी बसेन, माझंही थोडं शिल्लक आहे.

तुला प्रार्थना येत नाही तोवर तुझ्या वाटची मी करते. तुझं नाव घेते आणि पुढे काय म्हणावं ते कळलं नाही तर नुसतं पुन्हा तुझंच नाव घेते.

तुझी,
आत्या

ता. क. तिळाची चटणी आणि ज्वारीचं पीठ लातूरला जाणाऱ्या माणसाबरोबर धाडते आहे, तिथून पुण्याच्या गाडीत ठेवतील. भाकरी थापायला येत नाही म्हणून पीठ कुणाला देऊन टाकू नकोस. येत नसेल तर फोन कर, मी इकडून सांगते, तू थाप.