नदीच्या वळणावरील गोधड्या

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दक्षिणेकडे अलाबामा नावाचे राज्य आहे. त्याच नावाची एक नदी या राज्यातून वाहते. विल्कॉक्स परगण्यात आल्यावर ही नदी घोड्याच्या नालाप्रमाणे मोठे वळण घेते, आणि त्या वळणाच्या कुशीत एक लहानसे खेडे वसलेले आहे. तीन बाजूंना पाणी व चौथ्या बाजूने बाहेर जाणारा एकच रस्ता, अशी त्याची रचना आहे. या खेड्याचे नाव जीज बेंड. बेंड म्हणजे वळण, आणि जी हे तेथील जुन्या जमीनमालकाचे आडनाव. टपालखात्याच्या दप्तरी गावाला बॉयकिन असे दुसरेही नाव आहे. परंतु जग त्याला ओळखते ते जीज बेंड या नावाने, आणि तेही तेथील गोधड्यांमुळे.

जोसेफ जी नावाच्या गोऱ्या गृहस्थाने १८१६ मध्ये येथे कापसाचा मळा घातला. मळ्यात राबणारे सारे लोक कृष्णवर्णीय गुलाम होते. पुढे १८४५ मध्ये कर्जापायी हा मळा मार्क पेटवे नावाच्या नातलगाच्या हाती गेला. पेटवे कुटुंब नॉर्थ कॅरोलायना राज्यातून अलाबामात आले, तेव्हा त्याने आपल्याबरोबर सुमारे १०० गुलाम आणले. मालक गाड्यांतून आले. गुलाम शेकडो मैलांची वाट पायी तुडवीत आले. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली, तरी या लोकांना जाण्यास दुसरी जागा नव्हती. ते तेथेच राहिले, तीच जमीन खंडाने कसू लागले. मालकाचे आडनाव मात्र त्यांना कायमचे चिकटले. आजही त्या गावात पेटवे आडनावाची माणसे इतकी आहेत की, एक पेटवे दुसऱ्या पेटवेचा नातलग असेलच असे सांगता येत नाही.

खंडकऱ्याचे जिणे कसे असते, हे महाराष्ट्रातील जुन्या कुळांना समजावून सांगावे लागणार नाही. बी-बियाणे, पीठ, मीठ, कापड सारे सावकाराकडून उधारीवर आणावयाचे आणि कापूस विकला की फेडावयाचे. जीज बेंडची उधारी नदीपलीकडील एका व्यापाऱ्याकडे होती. कापसाचा भाव पडत गेला, तसतसे देणे वाढत गेले. १९३२ मध्ये तो व्यापारी मरण पावला आणि त्याच्या वारसांनी वसुलीसाठी माणसे पाठविली. त्यांनी गाई, खेचरे, नांगर, औजारे, साठवलेला मका, जे हाती लागले ते उचलून नेले. त्या हिवाळ्यात गावावर उपासमारीची पाळी आली. रेडक्रॉस संस्थेने धान्य पाठविले, म्हणून लोक तगले.

अशा गावात घरे कशी असणार? ओंडक्यांच्या भिंती, आणि दोन ओंडक्यांमधील फटींतून येणारा वारा. वारा अडविण्यासाठी भिंतींवर आतून जुनी वर्तमानपत्रे चिकटवीत. एका खाटेवर तीन-चार मुले निजत. त्यांच्या अंगाखाली गोधडी आणि अंगावरही गोधडीच. हिवाळा कडक असला, तर एकीवर दुसरी, दुसरीवर तिसरी अशी चळत चढे. घरात गोधडी शिवली गेली नाही, तर मुले थंडीने कुडकुडणार, इतका साधा हा हिशेब होता.

नवे कापड विकत घेण्याची ऐपत क्वचितच असे. तेव्हा गोधडीसाठी कापड कोठून यावे? पुरुषांच्या शेतातील विजारी, सदरे, बायकांचे जुने झगे व फडकी, पिठाची, साखरेची आणि खताचीसुद्धा पोती, यांतून ते येई. कपडा अंगावर असताना त्याला ठिगळे लावीत. ठिगळांनाही ठिगळे लागली आणि कपडा अंगावर घालण्याजोगा राहिला नाही, म्हणजे तो उसवून त्यातील धड तुकडे निवडून काढीत. पोत्याच्या शिवणीचा दोरासुद्धा फुकट जात नसे. मधल्या थरासाठी कापूस तर रानातच होता. पण चांगला कापूस विकण्यासाठी. जिनात सरकी काढताना जमिनीवर सांडलेला कापूस बायका झाडून आणीत व काठीने बडवून मोकळा करीत.

काम दोन भागांत चाले. ठिगळे जुळविण्याचा भाग प्रत्येक स्त्रीचा स्वतःचा. दिवसभर शेतात राबून, स्वयंपाक उरकून, मुले निजली की ती दिव्याशी तुकडे पसरून बसे. कोणता तुकडा कशाजवळ ठेवावा, हे तिचे तिनेच ठरवावयाचे. त्यात कोणी ढवळाढवळ केलेली तिला खपत नसे. वरचा थर असा जुळून झाला, म्हणजे दुसरा भाग. मग शेजारणी येत. लाकडी चौकटीवर ठिगळांचा थर, कापूस व अस्तर असे तिन्ही थर ताणून बसवीत, आणि चारी बाजूंनी बसून टाके घालीत. त्या वेळी चर्चमधील भजने म्हटली जात, गावातील बातम्यांची देवघेव होई. लहान मुली सुयांत दोरे ओवून देत आणि मधूनच चौकटीखाली शिरून, वरून खाली व खालून वर जाणाऱ्या सुया पाहत बसत. शिवणकामाची त्यांची शाळा हीच.

आपल्याकडील गोधडीत बहुधा कापूस नसतो. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक पसरून, कडेकडून मध्यभागाकडे येत धावदोरा घालून ती शिवतात. कापूस घातला की तिला रजई किंवा दुलई म्हणावयाचे. या हिशेबाने जीज बेंडचे पांघरूण रजईच म्हटले पाहिजे. परंतु वरच्या ठिगळांची जात पाहिली, तर ती आपल्या वाकळेचीच बहीण ठरेल.

या ठिगळांची मांडणी हीच तेथील खरी नवलाई आहे. एक नमुना त्या गावाला फार प्रिय. त्याला ‘हाउसटॉप’, म्हणजे घराचे छप्पर, असे म्हणतात. मध्ये एक चौकोनी तुकडा, त्याभोवती पट्ट्या, त्या पट्ट्यांभोवती आणखी पट्ट्या, असे चौकोनात चौकोन वाढत जातात. नियम एवढाच. पुढे पट्टी अरुंद की रुंद, रेघ सरळ की किंचित वाकडी, लाल रंग मध्ये घ्यावा की एका कोपऱ्यात ढकलावा, हे शिवणाऱ्या बाईच्या मनावर. अनेकींनी तर नमुनाच बाजूला सारला. अशा गोधडीला गावात ‘माझी रीत’ असे म्हणत. कपड्यांचे विटणेही त्यांनी वाया जाऊ दिले नाही. निळ्या विजारीचा गुडघा उन्हाने आणि घासटण्याने पांढुरका पडलेला असतो, पण खिसा उसवून काढला की त्याखालचे कापड गडद निळेच राहिलेले असते. तो गडद चौकोन गोधडीत जसाच्या तसा उमटतो आणि कोणी मुद्दाम रंगविल्यासारखा दिसतो.

१९४२ साली या गावातील मिझुरी पेटवे यांचे पती वारले. त्यांचे शेतावरचे कपडे घरात तसेच पडले होते. दुःखाच्या त्या दिवसांत मिझुरीबाईंनी आपल्या मुलीला, आर्लोंझियाला, जवळ बोलावले. वडिलांच्या या कपड्यांची आपण एक गोधडी करू, असे त्या म्हणाल्या. तिच्यामुळे त्यांची आठवण राहील, आणि ती पांघरून त्यांच्या मायेत निजता येईल. मायलेकींनी कपडे उसवले, तुकडे केले व गोधडी शिवली. आर्लोंझियाबाई म्हातारपणी ही हकीकत सांगत असत. त्या गोधडीत ना फुले आहेत, ना वेलबुट्टी. विटलेले निळे, करडे, मातकट असे साधे तुकडे आहेत. एका शेतकऱ्याच्या अंगावरचा घाम वर्षानुवर्षे ज्यांत मुरला, तेच हे कापड.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. गोधडी शिवणारी प्रत्येक स्त्री हौसेनेच शिवत होती, असे नाही. याच गावच्या लोरेटा पेटवे यांच्या गोधड्या पुढे फार नावाजल्या गेल्या; पण आपल्याला शिवणकाम कधी आवडलेच नाही, असे त्या स्पष्टपणे सांगत. घरात थंडी होती आणि पांघरूण आणून देणारे कोणी नव्हते, म्हणून त्या शिवत राहिल्या. सुंदर वस्तू पाहून ती करणाराच्या मनात केवळ आनंदच असेल, असे आपण समजतो. तसे नेहमीच नसते.

१९३७ च्या सुमारास केंद्र सरकारने या गावाकडे लक्ष दिले. जुन्या मळ्याची जमीन सरकारने विकत घेतली, नवी घरे बांधली, आणि हळूहळू ती जमीन व घरे कमी व्याजाच्या कर्जाने कसणाऱ्यांनाच विकली. गुलामांचे नातू जमिनीचे मालक झाले. या मालकीचे मोल वीस-पंचवीस वर्षांनी कळून आले.

त्या काळी अलाबामात कृष्णवर्णीयांना मत देण्याचा हक्क कागदावर होता, व्यवहारात नव्हता. विल्कॉक्स परगण्यात बहुसंख्या त्यांची; तरी १९६५ च्या आरंभी मतदारांच्या यादीत त्यांच्यापैकी एकाचेही नाव नव्हते. नाव नोंदविण्याची कचेरी कॅमडेन गावी, नदीच्या पलीकडे. जीज बेंडचे लोक तराफ्याने पलीकडे जात. लोक हक्क मागू लागले, तेव्हा १९६२ मध्ये हा तराफाच बंद करण्यात आला. नदीपलीकडे समोर दिसणारे गाव रस्त्याने सुमारे ४० मैल दूर झाले. शाळा, दवाखाना, बाजार, सारे त्याबरोबर दूर गेले. पुढे नदीवर धरण झाले आणि गावाची बरीच सुपीक जमीन पाण्याखाली गेली.

१९६५ च्या फेब्रुवारीत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग पावसाळी रात्री या गावात आले व लोकांशी बोलले. लोक कॅमडेनला जाऊ लागले. आसपासच्या खेड्यांत, मतासाठी नाव नोंदविले म्हणून कित्येक कुळांना जमीनमालकांनी घराबाहेर काढले. जीज बेंडच्या लोकांना तसे काढता आले नाही. कारण जमीन त्यांची होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदानाच्या हक्काचा कायदा संमत झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रान्सिस वॉल्टर नावाचे एक पाद्री या भागातून जात असता, एका घरापुढील दोरीवर वाळत घातलेल्या गोधड्या त्यांच्या दृष्टीस पडल्या. या गोधड्या विकल्या, तर हक्कासाठी झगडणाऱ्या कुटुंबांच्या हाती चार पैसे येतील, असे त्यांच्या मनात आले. गोधड्या गोळा झाल्या आणि न्यूयॉर्क शहरात त्यांचा लिलाव करण्यात आला. १९६६ मध्ये जीज बेंड व आसपासच्या स्त्रियांनी आपली सहकारी संस्था काढली आणि तिचे नाव ठेवले ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’. फ्रीडम म्हणजे स्वातंत्र्य. आणि बी म्हणजे, आपल्याकडे शेतकरी इर्जिक करतात तसे, सर्वांनी मिळून एकमेकांचे काम उरकणे. एस्टेल विदरस्पून या तिच्या कारभारी होत्या. ज्या स्त्रियांनी जन्मात स्वतःच्या नावाचा पगार पाहिला नव्हता, त्यांच्या हाती तो आला. संस्थेने जमीन घेतली व घराबाहेर काढलेल्या काही कुटुंबांना तीतून जागा दिली.

मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या, तशी एक अडचणही आली. दुकानांना प्रत्येक नग सारखा हवा होता: तेच माप, तोच नमुना, टाकेही तसेच. ‘माझी रीत’ तेथे चालत नव्हती. बायकांनी पोटासाठी तेही काम चोख केले. आणि हौस भागविली ती घरी नेलेल्या कापडावर. १९७२ मध्ये सिअर्स या कंपनीने उशांचे अभ्रे शिवण्याचे काम दिले. त्यासाठी कॉर्डरॉय, म्हणजे उभ्या मखमली रेघांचे जाड कापड, गठ्ठ्यांनी आले. सोनेरी, हिरवा, नारिंगी, लाल, असे त्याचे भडक रंग होते. अभ्रे कापून उरलेल्या चिंध्या बायका घरी घेऊन जात. जाड कापड बारीक कामाला दाद देत नाही. म्हणून त्यांनी मोठमोठे चौकोन व रुंद पट्ट्याच जुळविल्या. त्या काळच्या गोधड्या पाहताच ओळखू येतात.

पुढे वर्षे गेली. घरांत विकतची ब्लँकेटे आली. जीर्ण गोधड्यांचा धूर करून डास हाकलण्याचेही काम घेतले जाई. १९९८ च्या सुमारास विल्यम आर्नेट हे संग्राहक, एका पुस्तकात पाहिलेल्या छायाचित्रातील गोधडी शोधत या गावी आले. ती ॲनी मे यंग या बाईंनी शिवलेली होती. आर्नेट यांनी घरोघर फिरून शेकडो गोधड्या विकत घेतल्या. २००२ मध्ये ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात त्या भिंतींवर टांगल्या गेल्या आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्येही. कलेच्या जाणकारांनी त्यांची तुलना आधुनिक चित्रकारांच्या चित्रांशी केली. गावच्या स्त्रियाही ते प्रदर्शन पाहण्यास गेल्या. खाटेवर पसरलेली आपली गोधडी त्यांनी तेथे प्रथमच उभी टांगलेली पाहिली. २००६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या टपालखात्याने या गोधड्यांची दहा तिकिटे काढली. मोबदल्यावरून वादही झाले. काही स्त्रिया २००७ मध्ये न्यायालयात गेल्या आणि पुढील वर्षी तो तंटा आपसांत मिटला. २०१५ मध्ये मेरी ली बेंडॉल्फ, लूसी मिंगो व लोरेटा पेटवे या तिघींना पारंपरिक कलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. शिवण न आवडणाऱ्या लोरेटाबाई त्यांत होत्या.

ज्या वर्षी टपालाची तिकिटे निघाली, त्याच वर्षी, ४४ वर्षांच्या खंडानंतर, जीज बेंड आणि कॅमडेन यांच्यामध्ये पुन्हा नावेची ये-जा सुरू झाली. ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ हे मंडळ २०१२ मध्ये बंद पडले. पण गावातील सुई थांबली नाही. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गावाने प्रथमच गोधड्यांचा उत्सव भरविला. त्यासाठी मोठा मांडव लागला नाही. घराघरांपुढे दोऱ्या बांधल्या गेल्या, कपाटांतील व पेट्यांतील गोधड्या बाहेर निघाल्या, आणि कपडे वाळत घालावेत तशा त्या उन्हात टांगल्या गेल्या. दुरून आलेले लोक रस्त्याने चालत, थांबत, प्रत्येक गोधडी जवळून पाहत होते. आणि गोधडी करणाऱ्या बायका दोरीपाशी उभ्या राहून, हा तुकडा कोणाच्या सदऱ्याचा आणि तो कोणाच्या झग्याचा, ते त्यांना सांगत होत्या.