तानसाकाठची भातशेती आणि प्रदूषणाचे नियंत्रण

हवा, पाणी अथवा जमीन यांत एखादा पदार्थ माणसास, जनावरास वा पिकास अपाय होईल इतक्या प्रमाणात मिसळला म्हणजे त्यास प्रदूषण म्हणतात. तो पदार्थ मुळातच वाईट असला पाहिजे असे नाही. शेण शेतात पडले तर ते खत होय. तेच पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरले तर रोगाचे कारण होते. वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील कुंडांचे पाणी ऊन असते ते भूगर्भातील उष्णतेमुळे. ते प्रदूषण नव्हे. कुंडाकाठी पडणारा साबण, निर्माल्य व प्लॅस्टिकच्या पिशव्या हे मात्र प्रदूषणच होय.

देशात प्रदूषण होते ते मुख्यतः कारखान्यांचे सांडपाणी, शहरांचे मैलापाणी, वाहनांचा व भट्ट्यांचा धूर आणि शेतीतील रसायने यांमुळे. भिवंडी शहराजवळ कामवारी नदीची काय दशा झाली आहे हे तालुक्यात सर्वांस ठाऊक आहे. त्याचे वर्णन करीत बसण्याचे कारण नाही. वज्रेश्वरीच्या शेतकऱ्यास विचार करावयाचा तो तानसेचा. या नदीवरील दगडी धरण १८९२ साली पुरे झाले आणि तेथील पाणी मुंबईस जाते. त्यामुळे पावसाळा सरल्यावर धरणाखालचा प्रवाह क्षीण होतो. जी घाण श्रावणात वाहून जाते तीच चैत्रात डोहात साठून राहते, आणि त्याच डोहावर गुरे पाण्यास येतात.

शेतीच्या दृष्टीने या भागातील सर्वांत मोठी हानी वीटभट्टीमुळे होते. धूर सर्वांस दिसतो, परंतु मातीची हानी दिसत नाही. भाताच्या खाचरातील वरचा १५ सेंटिमीटरचा थर विकला तर एका गुंठ्यातून सुमारे २० टन माती जाते. तीत शेकडा ०.०६ भाग नत्र धरला तरी गुंठ्यामागे १२ किलो, म्हणजे एकरामागे ४८० किलो नत्र शेताबाहेर जाते. एवढे नत्र युरियातून द्यावयाचे तर १,००० किलोंहून अधिक युरिया लागेल. आणि सेंद्रिय द्रव्य तर त्यानेही परत येणार नाही. हातात रोख पैसा येतो म्हणून माती विकणाऱ्या गरजू शेतकऱ्यास दोष देणे सोपे आहे. कार्यकर्त्याने त्याऐवजी हा हिशेब सौदा ठरण्यापूर्वी त्याच्यापुढे मांडावा. नवी भट्टी वस्तीपासून व फळबागांपासून किमान ८०० मीटर अंतरावर असावी, असे केंद्र शासनाच्या २०२२ च्या अधिसूचनेत म्हटले आहे, हेही ग्रामसभेत सांगावे.

दुसरा धूर राबाचा. राब भाजल्याने तणाचे बी मरते व राख मिळते, म्हणूनच ही चाल टिकली. ती निव्वळ अडाणीपणाची समजणे चूक होय. परंतु शेण व पाला यांतील नत्र धुरावाटे उडून जाते आणि टहाळासाठी झाडे बोडकी होतात. कोकणात रुजलेल्या चारसूत्री लागवडीत यास चांगला पर्याय आहे. गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची राख मिसळावी. राखेतील सिलिकामुळे रोपे काटक होतात. पेंढा जाळू नये, चिखलणीपूर्वी शेतात गाडावा. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला एकरी १२ क्विंटल टाकावा.

याच पद्धतीतील चौथे सूत्र पाणी स्वच्छ ठेवण्यास विशेष उपयोगी आहे. उभ्या पाण्यात फेकलेल्या युरियातील निम्म्याहून अधिक नत्र पिकास मिळत नाही. त्यातील काही हवेत जाते, काही बांध फोडून ओढ्यात जाते, तर काही झिरपून विहिरीत नायट्रेटच्या रूपाने उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास ते तान्ह्या मुलास घातक ठरू शकते. यासाठी जोडओळ पद्धतीने लावणी करून, त्याच दिवशी चार चुडांच्या मधोमध २.७ ग्रॅमची युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावी. एकरी ६८ किलो गोळ्या पुरतात. मजुरी वाढते हे खरे, पण खत वाचते.

कीटकनाशकांविषयी थोडेच सांगणे पुरे. फोरेट या दाणेदार औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. माळ्यावर जुनी पिशवी राहिली असल्यास ती संपवावी म्हणून शेतात टाकू नये. वलगणीचे मासे व खाचरातील खेकडे हे कित्येक आदिवासी घरांचे पावसाळ्यातील कालवण आहे, आणि विष प्रथम तेथे पोहोचते. औषधाची रिकामी बाटली तीन वेळा खळबळून ते पाणी पंपातच ओतावे. बाटली भोके पाडून निकामी करावी. ती पाण्यासाठी किंवा तेलासाठी कदापि वापरू नये.

कारखान्याच्या सांडपाण्यावर शेतकऱ्याचा ताबा नाही. तेथे कायद्याचाच आधार घ्यावा लागतो. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ सालीच केला व १९७० मध्ये मंडळ स्थापिले. केंद्राचा जल कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा आणि पर्यावरण संरक्षणाचा १९८६ चा. तथापि नुसते ‘पाणी घाण येते’ असे सांगून तपास होत नाही. पाण्याचा रंग बदललेला अथवा मासे मेलेले दिसताच तारीख, वेळ, जागा व वास यांची नोंद करावी, छायाचित्र घ्यावे आणि त्याच दिवशी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास लेखी कळवून पोच घ्यावी. कायदेशीर नमुना मंडळाचा अधिकारीच घेतो. तो येईपर्यंत गुरांना त्या पाण्यावर नेऊ नये व भाजीच्या मळ्यावरील पंप बंद ठेवावा.