अंगातलं लोडशेडिंग

केमो चालू असलेल्या घरात मुलांना केस गळण्यापेक्षा थकव्याचं कोडं जास्त पडतं. केस गेलेले दिसतात, डोक्यावर स्कार्फ येतो, थोडी थट्टाही होते. थकवा मात्र दिसत नाही. कालपरवापर्यंत डबा भरणारी, गृहपाठ घेणारी, भांडणं सोडवणारी आई दुपारी चारला भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. ताप नाही, प्लास्टर नाही, पट्टी नाही. दोन तास झोपून उठते आणि तरी तशीच. सहा-सात वर्षांचं पोर यातून एकच अर्थ काढतं, की आई आपल्यावर रागावलीय. ते हे बोलून दाखवत नाही, त्यामुळे तुम्हाला कळतही नाही.

तर आई-बाबांनो, आज या थकव्याबद्दल बोलू. तुमच्यापैकी जे स्वतः उपचार घेत आहेत त्यांच्याशी, आणि त्यांच्या जोडीदारांशीसुद्धा. माझं काम अशा घरांशी बोलण्याचं आहे. लोक खालच्या आवाजात विचारतात ते बहुतेक वेळा हेच असतं : गोळ्या-सलाइन तर चालूच आहे, पण अंगात त्राण यावं म्हणून आणखी काय करता येईल?

आधी मुलांना सांगायचं ते सांगा. माझ्या ओळखीचं एक कुटुंब विदर्भातलं, त्यामुळे वीज जाण्याचा अनुभव पक्का. त्या बाबांनी मुलीला सांगितलं, ‘सध्या माझ्या अंगात लोडशेडिंग चालू आहे. लाइट कधी जाईल ते माझ्या हातात नाही, तुझ्यामुळे तर मुळीच जात नाही, आणि गेली तरी परत येते.’ मग ती शाळेतून आल्यावर दप्तर टाकता टाकता विचारायची, ‘आज किती वाजता गेली?’ बाबा सांगायचे, ‘सव्वाबाराला.’ विषय संपला. तुमच्या घरात दुसरा कुठला शब्द रुळेल तो वापरा. फक्त तीन गोष्टी त्यात याव्यात : हे औषधामुळे होतंय, यात तुझा दोष नाही, आणि हे मला लागलंय तसं तुला लागणार नाही.

आता थकव्याकडे. दिवसभर लग्नघरात राबल्यावर येतो तो हा थकवा नव्हे. केलेल्या कामाशी त्याचा मेळ बसत नाही आणि झोपेने तो जात नाही. केमोत बहुतेकांना डोसनंतरचे पहिले काही दिवस सगळ्यात जड जातात, मग जरा डोकं वर निघतं, तोवर पुढची सायकल येते. रेडिएशनची, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात त्याची, चाल वेगळी. पहिल्या आठवड्यात माणूस म्हणतो, ‘मला काहीच होत नाही’, आणि हळूहळू साठत जाऊन शेवटी शेवटी पाय उचलवत नाहीत. शेक संपल्यावरही काही आठवडे तो रेंगाळतो. हे आधी माहीत असलं, तर मुलाचा वाढदिवस आणि डोसची तारीख एकमेकांवर आदळत नाहीत.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात शून्य ते दहामधला एक आकडा लिहा. शून्य म्हणजे थकवा नाही, दहा म्हणजे उठवतच नाही. हा आकडा लिहायचं काम मुलाला द्या, त्याला ते आवडतं. ओपीडीत डॉक्टरांसमोर तुम्हाला दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यात ‘अशक्तपणा आहे’ म्हटलं तर ‘असतोच’ असं उत्तर येणार. ‘मागच्या डोसनंतर पाच दिवस आकडा आठवर होता’ म्हटलं, की पेन थांबतं. मग हिमोग्लोबिन पाहिलं जातं, थायरॉइड तपासलं जातं, दुखणं, झोप, जेवण, उदासी यांची चौकशी होते. यातल्या कित्येक गोष्टींवर साधा, सरळ इलाज असतो. तो न करता पूरक उपचारांच्या मागे लागणं म्हणजे वेळ घालवणं.

पूरक हा शब्द मी जाणून वापरतेय. मुख्य उपचाराच्या सोबतीने करायचं ते पूरक. त्याच्याऐवजी करायला कुणी सांगत असेल, तर त्या माणसाला चहा द्या आणि निरोप द्या.

या सोबतीच्या उपायांत सगळ्यात पक्का पुरावा ज्याच्या बाजूने आहे, तो ऐकून लोक माझ्याकडे रागाने बघतात. तो म्हणजे चालणं-फिरणं. २०१७ साली ‘जामा ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात एक मोठा आढावा आला होता. ११३ चाचण्या, साडेअकरा हजारांच्या आसपास रुग्ण. व्यायाम आणि मानसोपचाराच्या पद्धती या दोन्हींनी थकवा कमी झाला, आणि थकव्यावर म्हणून दिलेल्या औषधांपेक्षा त्या सरस ठरल्या. २०२४मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही उपचार चालू असतानासाठी पहिलं नाव व्यायामाचं आहे. त्याच्या जोडीला विचार-वर्तनावर काम करणारं समुपदेशन, सजग ध्यान, आणि ताई-ची, ची-गाँग या संथ चिनी हालचाली.

आपल्याकडे मात्र आजारी माणसाला उठू न देणं म्हणजेच माया. सासूबाई पाण्याचा ग्लाससुद्धा हातात आणून देतात. त्यांचं प्रेम खोटं नाही, पण सतत पडून राहिल्याने स्नायू झडतात, मग जिना चढताना धाप लागते, म्हणून माणूस आणखी पडून राहतो. तज्ज्ञांनी सांगितलेलं गाठायचं माप आहे आठवड्यातून तीन वेळा अर्धा-अर्धा तास, चालता चालता बोलता येईल इतपत वेगाने, आणि हे निदान दोन-तीन महिने. सुरुवात अर्थातच तिथून करायची नाही. चाळीतली गॅलरी, सोसायटीचं पार्किंग, गावाकडे अंगण. पाच मिनिटं. मूल सोबत असेल तर त्याला पाढे म्हणायला लावा, एक पाढा म्हणजे एक फेरी. चालून आल्यावर आकडा वाढून तासभर तसाच राहिला, तर उद्या फेऱ्या कमी. चक्कर, धाप, छातीत धडधड असेल, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट्स फार खाली असतील, तर त्या दिवशी फेऱ्या नाहीत. आजार हाडांत पसरला असेल तर काय झेपेल ते आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि ताप १००.४ फॅरनहाइट दिसला की घरगुती उपाय बाजूला ठेवून थेट हॉस्पिटलला फोन, रात्र असली तरी.

योगाचं नाव काढलं की लोकांना टीव्हीवरची जोरजोरात चालणारी कपालभाती आठवते. ती इथे नको. लॉस एंजलिसच्या विद्यापीठात स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या आणि थकवा न सुटलेल्या ३१ स्त्रियांवर एक छोटा प्रयोग झाला, २०१२मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांना बारा आठवडे शिकवला तो अय्यंगार योग, आपल्या पुण्याचा. दुसऱ्या गटाला नुसती आरोग्याची माहिती दिली होती. योग करणाऱ्या गटाचा थकवा स्पष्ट उतरला. अय्यंगार पद्धतीची खुबी अशी, की शरीराने जोर लावायचा नाही, लोड, पट्टे, खुर्ची, घोंगडी यांनी शरीराला आधार द्यायचा. परळच्या टाटा हॉस्पिटलनेही स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी बेताची आसनं, मधे मधे विश्रांती आणि प्राणायाम असा क्रम बसवून तो मोठ्या चाचणीत वापरला. 

घरी करून बघण्यासारखं एक सांगते. दोन गोधड्या एकावर एक घेऊन त्यांची घट्ट, लांबट गुंडाळी करा. ती कण्याच्या रेषेत जमिनीवर ठेवा आणि तिच्या एका टोकाला पाठ करून, लागून बसा, कंबर तिच्यावर चढवायची नाही. आता हातांवर भार घेत पाठ हळूच तिच्यावर टेकवा. डोक्याखाली घडी केलेली चादर, कपाळ हनुवटीपेक्षा जरा उंच. गुडघ्यांखाली उशी. हात दोन्ही बाजूंना सैल, तळवे वर. छाती आपोआप उघडते आणि श्वास पोटापर्यंत उतरल्याचं जाणवतं. पाच मिनिटं पुरे. उठताना आधी कुशीवर वळायचं. छातीत औषध देण्यासाठीचं पोर्ट बसवलेलं असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा मणक्याचा त्रास असेल, तर फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय हे करू नका. मुलं शेजारी चटईवर आडवी होतात. त्यांना वाटतं आपण आईचा व्यायाम घेतोय, तर वाटू दे.

ध्यानाचं थोडक्यात. जॉन कबाट-झिन यांनी १९७९मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सजग ध्यानाचा वर्ग सुरू केला, रुग्णांसाठीच्या बहुतेक कार्यक्रमांचं मूळ तिथे आहे. रोज थोडा वेळ, घरी राहून. ‘मग इगतपुरीला विपश्यनेसाठी दहा दिवस जाऊन येऊ का?’ असं बरेच जण विचारतात. केमोच्या मध्यावर नको. घरापासून, मुलांपासून आणि हॉस्पिटलपासून इतके दिवस तुटून राहण्याची ही वेळ नाही.

समुपदेशनाला आपल्याकडे नाकं मुरडतात, ‘मला काय वेड लागलंय?’ म्हणून. पण कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठी वाचकांच्या घरात आणून ठेवली त्याला किती वर्षं झाली! थकव्यावर काम करणारं समुपदेशन त्याच घराण्यातलं. ‘मी मुलाचा डबा केला नाही म्हणजे मी आई म्हणून संपले’ हे वाक्य तपासून बघायचं. त्याचबरोबर दिवसाचा हिशेब मांडायचा : कॅलेंडरवरचे आकडे पाहून कुठल्या तासाला त्राण असतं ते शोधायचं आणि तो तास कशावर खर्च करायचा ते ठरवायचं. माझं मत विचाराल तर तो तास कपड्यांच्या घड्या, देवघर आणि पाहुणे यांना अजिबात देऊ नका. पोळ्या पोळी-भाजी केंद्रातून येऊ द्या. तो तास मुलाचा. आडवं पडून खेळता येणारे खेळही भरपूर आहेत, गावांच्या भेंड्या आहेत, पत्ते आहेत.

आता पोटात जाणाऱ्या गोष्टी, म्हणजे खरी डोकेदुखी. आजारपण कळलं की महिन्याभरात घरात गव्हांकुराचा रस, गुळवेलीचा काढा, अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल, कुठलं तरी भस्म आणि एखाद्या नणंदेच्या जावेला ‘गुण आलेलं’ चूर्ण जमतं. आणणाऱ्याचं मन मोडवत नाही. पण केमोची औषधं बहुतांशी यकृतातून आणि मूत्रपिंडातून निघतात, त्याच वाटेवर तुम्ही आणखी गर्दी करता. २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, वाद झाला. वाद तज्ज्ञ मिटवोत, आपलं यकृत त्या वादात साक्षीला कशाला पाठवायचं? अश्वगंधेनेही यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. कच्चा रस पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना जंतूंना आवतण देतो. अमेरिकन जिनसेंगचा थकव्यावर थोडा उपयोग दिसलाय, पण आपल्याकडच्या शक्तिवर्धक कॅप्सूलवर लिहिलेलं जिनसेंग बहुतेकदा ते नव्हे. जे काही घेताय किंवा घ्यावंसं वाटतंय, ते पिशवीत घालून पुढच्या ओपीडीला घेऊन जा आणि टेबलावर ठेवा. लपवू नका. ओरडा बसला तर बसला.

साध्या मालिशचं तसं भय नाही, पण हात हलका हवा. गाठीवर, पोर्टवर, शेक घेतलेल्या कातडीवर, सुजलेल्या हातावर मालिश नको. प्लेटलेट्स कमी असताना जोर नको. आजी रात्री तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासते, तिने झोप लागते आणि आजीलाही काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. मात्र कॅपेसिटाबिनसारख्या गोळ्या चालू असतील तर हातापायांचे तळवे लाल होतात, सोलतात, आणि घासण्याने ते आणखी चिघळतात. मुंग्या येत असतील, पायाला कळत नसेल, तरीही वाटी नको. आजीला कारण समजावून सांगा आणि त्याऐवजी नुसतं मलम हलक्या हाताने लावायला द्या.

शेवटचा डोस झाला की घरात पेढे येतात आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांची अपेक्षा असते की आई पूर्ववत होणार. मुलांची तर फारच. थकवा कित्येकदा पुढे काही महिने राहतो, काहींना त्याहून जास्त. म्हणून पेढे वाटतानाच मुलांना सांगून टाका की औषध संपलं, लोडशेडिंग अजून थोडं चालेल. फेऱ्या आणि ध्यान चालू ठेवा. योग आता अधिक नेटाने करता येईल. अॅक्युप्रेशरही या टप्प्यावर करून बघण्यासारखं. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी उपचार संपलेल्या स्त्रियांना ठरावीक बिंदू रोज एकदा, प्रत्येकी तीन मिनिटं, सहा आठवडे स्वतःच दाबायला शिकवले, तेव्हा थकवा कमी झाला. २०१६ची गोष्ट. त्यातल्या शांतवणाऱ्या बिंदूंनी झोपही सुधारली. बिंदू एकदा जाणकाराकडून नीट दाखवून घ्या. आणि कॅलेंडरवरचा आकडा दोन-तीन महिन्यांतही खाली येत नसेल, तर फॉलो-अपच्या तारखेची वाट न बघता कॅलेंडरची ती पानं घेऊन जा आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड पुन्हा तपासायला सांगा.