हाकेला ओ दे रे सोन्या

परवा फोनवर तू आधी पावसाचं विचारलंस, मग माझ्या गुडघ्याचं, आणि शेवटी हळूच, "आत्या, ते इसबगोल कसं घेतात गं?" एवढ्यावर यायला तुला वीस मिनिटं लागली. लाजतोस कसला? तुला मी लंगोटात पाहिलाय. तेव्हा दोन दिवस तुझं पोट साफ झालं नाही तर तुझी आई सगळी आळी गोळा करायची. आता तीन-तीन दिवस होत नाही तरी कुणाला पत्ता नाही, एवढाच काय तो फरक. तर ऐक. यातली एकही चूक मी करायची ठेवलेली नाही.

१. हाक आली की उठायचं, मीटिंग असो नाहीतर मॅच — अडवलेली शी आत पडून राहते, आतडं तिच्यातलं पाणी शोषत बसतं आणि उद्या तिचा खडा होतो. चरकसंहितेत अडवू नयेत असे १३ वेग सांगितलेत, शिंक, जांभई आणि आसवंसुद्धा त्यांत आहेत. मी मात्र नेमका हाच एक नोकरीभर अडवला, कारण शाळेत बाईंच्या संडासाला आतून कडीच नव्हती. हाकेला ओ दिली नाही की हाक मारणारा रुसतो, आणि रुसला की सहज मनवता येत नाही.

२. सकाळी चहा-नाश्ता झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत जाऊन बस, वाटत नसलं तरी — पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपसूक हलायला लागतं, आणि सकाळी त्याला जोर जास्त असतो. त्या वेळी तू कंपनीच्या बसमध्ये डुलक्या घेत असतोस, दुखणं तिथेच आहे. अर्धा तास आधी ऊठ.

३. मोबाइल बाहेर ठेव — पाच-दहा मिनिटांचं काम चाळीस मिनिटांवर जातं, तेवढा वेळ गुदाच्या शिरांवर ताण येतो आणि मूळव्याध आमंत्रण नसताना येते. बसणं लांबलं की दुखणं जडलं.

४. कमोडवर बसताना पायाखाली वीतभर उंचीचं काहीतरी घे, गुडघे कमरेच्या वर येऊ देत, थोडा पुढे वाक — मलाशयाला एक स्नायू फासासारखा मागून ओढून धरतो, उकिडवं बसलं की तो सैल पडतो आणि वाट सरळ होते. आपल्या वाड्यातल्या जुन्या संडासात हे फुकट मिळायचं. ते फोडून कमोड बसवला तेव्हा आम्हीच पेढे वाटले होते.

५. कुंथू नकोस, होत नसेल तर ऊठ, घरात चार फेऱ्या मार — जोर लावून चीर पडली की दुखतं, दुखतं म्हणून माणूस अडवून धरतो, अडवलं की खडा, आणि खडा पुन्हा तीच चीर उघडतो. या चक्रात मी सात महिने फिरले. बाहेर काढलं ते कोमट पाण्याच्या टबानं आणि डॉक्टरांच्या मलमानं, तेही लाज सोडून दाखवायला गेले तेव्हा.

६. एक वेळ तरी ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी खा — १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम चोथा असतो, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ३ सुद्धा नाही. आणि पोटाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम लागतो. भाकरी थापता येत नसेल तर पोळीची कणीक तरी बारीक चाळणीनं चाळू नकोस. कोंडा गेला नि कोठा अडला.

७. चहात बुडवलेली खारी म्हणजे नाश्ता नव्हे — मैदा नि वनस्पती तूप, त्यात चोथ्याचं नाव नाही. आवडते मलाही. रविवारी खा.

८. उपासाच्या दुसऱ्या दिवशी तुझं अडतं ना? तो साबुदाणा — निव्वळ पिष्ट, त्यावर दाण्याचं कूट कितीही पडलं तरी चोथा बेताचाच. एकादशीला माझी आई खिचडीची वाटी छोटी नि सालासकट उकडलेल्या रताळ्याची ताटली मोठी ठेवायची. आम्हाला वाटायचं ती कंजूष आहे.

९. फळ चावून खा, रस काढून पिऊ नकोस — गाळणीत जे उरतं तेच तुझ्या कामाचं. पेरू, पपई, सालासकट सफरचंद, जे स्वस्त मिळेल ते.

१०. रात्री दहा-पंधरा काळे मनुके वाटीत भिजत घाल. सकाळी टम्म फुगलेले असतात, ते बियांसकट चावून खा आणि वाटीतलं तपकिरी पाणीही पिऊन टाक — चोथा मिळतो, पण त्यात साखरही असते. सुके अंजीर दोन चालतील. तुझ्या आजोबांना मधुमेह होता, त्यांना मात्र मी मोजून देत असे.

११. हे सगळं एका सोमवारी सुरू करू नकोस, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढव — एकदम चोथा वाढला की पोट नगाऱ्यासारखं वाजतं, आणि मग तू म्हणणार आत्याचं ऐकलं नि फसलो.

१२. चोथा वाढवलास की पाणीही वाढव — कोरडा चोथा आत जाऊन बोळ्यासारखा बसतो. पण घागरी रिचवू नकोस. लघवी फिकट पिवळी होतेय म्हणजे पुरे. सकाळचं कोमट पाणी चांगलं, त्यात जादू मात्र नाही.

आता तुझं ते इसबगोल. इथे मी जरा लांबण लावणार आहे.

१३. एक चमचाभर भुसा पेलाभर पाण्यात ढवळ आणि लगेच पी, वरून आणखी पेलाभर पाणी — तो पाणी पिऊन फुगतो, आणि फुगायचा तो पोटात फुगला पाहिजे, घशात नाही. एकदा मी तो ढवळून ठेवला आणि दारावर भाजीवाली आली म्हणून गेले. परत येते तो पेल्यात चमचा उभा! कोरडा फाकायचा नाही, घेऊन लगेच आडवंही व्हायचं नाही, आणि दुसऱ्या गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवायचा. गुण यायला दोन-तीन दिवस जातात, तेव्हा पहिल्याच सकाळी मला फोन करू नकोस.

१४. डब्यातली चूर्णं घेण्याआधी मागचा कागद वाच, सोनामुखी असेल तर ते रोजचं नाही — ती आतड्याला चाबूक मारून चालवते; आठवड्यातून कधी अडलं तर ठीक. मी दोन वर्षं रोज रात्री घेतली, शेवटी चमच्याचे दोन झाले तरी पोट ढिम्म. उधारीच्या बैलानं रोज नांगरू नये.

१५. एरंडेल तर विसरच — लहानपणी आम्हाला नाक दाबून पाजायचे आणि पुढे सगळी सुट्टी संडासाच्या रांगेत जायची. पोटुशीनं तर मुळीच घेऊ नये, त्यानं कळा सुरू होऊ शकतात.

१६. जेवण झाल्यावर शतपावली कर — माणूस हलला की आतडं हलतं. खुर्चीतून खाटेवर, एवढी चाल धरत नाहीत.

१७. प्रवासात पाणी तोडू नकोस, आणि बायकोलाही तोडू देऊ नकोस — एसटी स्टँडवरचा संडास टाळायला आपल्या घरातल्या बायका आदल्या रात्रीपासून घोट मोजतात, आणि मग लग्नघरी तीन दिवस तोंड पाडून बसतात.

१८. नवं औषध सुरू झाल्यावर पोट अडलं असेल तर डॉक्टरांना तसं सांग — लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, कोडीनचं खोकल्याचं औषध, रक्तदाबाच्या काही गोळ्या, सगळ्यांची ही खोड आहे. थायरॉइड मंदावलं तरी पोट बसतं.

१९. रोज झालंच पाहिजे असा हट्ट धरू नकोस — दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, सगळं रीतीतच आहे, जोपर्यंत मऊ होतंय आणि झाल्यासारखं वाटतंय.

२०. पण रक्त दिसलं, वजन आपोआप उतरलं, किंवा पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली तर आत्याला विचारत बसू नकोस, डॉक्टर गाठ — आणि पोट फुगून उलट्या होताहेत, वारासुद्धा सरत नाही, असं झालं तर त्याच तासाला. त्या वेळी इसबगोल, जुलाब, काहीही पोटात घालायचं नाही.

पायाखाली घ्यायला माळ्यावरचा चौरंग अगदी मापाचा आहे रे, पण त्याच्यावर आजवर किती सत्यनारायण झालेत ते तुझ्या आईला तोंडपाठ आहे. तू आपलं प्लॅस्टिकचं स्टूल विकत घे.