माशांच्या कल्ल्यांवरील चपटा कृमी

बेळगाव-निपाणीच्या बाजारात गोवा, कारवार, मालवण या किनाऱ्यांवरून घाट चढून मासळी येते. जाणते गिऱ्हाईक बांगड्याच्या गालावरील झाकण उचलून कल्ले पाहते. ते लालभडक असले की मासा ताजा! समुद्रातील माशांच्या याच लाल पाकळ्या भिंगाखाली धरल्या, तर कधी कधी तेथे काही मिलिमीटर लांबीचा एक चपटा कृमी चिकटलेला आढळतो. हा 'मोनोजेनिया' वर्गातील परोपजीवी प्राणी होय.

मासा श्वास घेतो तेव्हा कल्ल्यांवरून पाणी सतत वाहत असते. त्या प्रवाहात टिकून राहण्यासाठी या कृमीच्या शरीराच्या मागील टोकास आकडे किंवा चिमटे असतात. बांगड्याच्या कुळातील मॅकेरल माशांवर राहणाऱ्या 'कूनिया' या कृमीस चिमट्यांच्या चार जोड्या असतात. कोणी माशाचे रक्त शोषतो, तर कोणी त्वचेवरील बुळबुळीत द्रव खातो.

मेंढ्यांच्या यकृतातील चपट्या कृमीस वाढीसाठी मध्यंतरी गोगलगायीच्या शरीरात मुक्काम करावा लागतो. कल्ल्यांवरील कृमीस मात्र एकच आश्रयदाता पुरतो. तो उभयलिंगी असतो. बहुतेक जाती पाण्यात अंडी सोडतात. अंड्यातून निघालेले पिलू सूक्ष्म केसांच्या साहाय्याने पोहत मासा शोधते. तो वेळेत न सापडल्यास ते मरते. मनुष्याच्या शरीरात हा कृमी जगत नाही; तेव्हा मासळी खाणाऱ्यांनी भिण्याचे कारण नाही.

मग याचा अभ्यास कशासाठी? मध्य आशियातील अरल समुद्राची हकीकत ऐका. कॅस्पियन समुद्रातील स्टर्जन जातीचे मासे तेथे नेऊन सोडण्यात आले. त्यांच्या कल्ल्यांवरून 'निट्झशिया' नावाचा कृमीही गेला. कॅस्पियनमध्ये त्याचा फारसा उपद्रव नव्हता. परंतु अरलमधील स्टर्जन माशांची त्याच्याशी पूर्वी कधी गाठ पडली नव्हती. १९३६ साली ते मोठ्या संख्येने मरण पावले.

आपल्या तळ्यांतील रोहू-कटल्यांनाही याच वर्गातील कृमी जडतात, आणि दाटीने ठेवलेल्या लहान पिलांना ते घातक ठरतात. म्हणून बाहेरून आणलेले मासे काही दिवस वेगळे ठेवून, तपासून मगच तळ्यात सोडावेत. निसर्गात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला गेलेला तोल मनुष्याच्या घाईने बिघडतो, हाच या इवल्याशा कृमीचा धडा होय.