फी भरण्याआधी वीस ओळी

दहावी-बारावीचा निकाल लागला की वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या पालकांचा ठरलेला प्रश्न येतो: कोडिंगचा क्लास लावायचा का? आधी मुलाला घरी वीसेक ओळींचा एक प्रोग्राम लिहू द्या, फीचं मग बघू. घाईचं काहीच कारण नाही. वसईचं विद्यावर्धिनी कॉलेज असो की विरारचं विवा, इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप फेरीत सीईटी नाहीतर जेईईचे गुण बघतात. कोडिंगच्या सर्टिफिकेटला तिथे कोणी विचारत नाही.

पायथन फुकट मिळतं, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं. त्याच्यासोबत येणारं आयडल उघडलं की शेल दिसतं. एक ओळ लिहून एंटर मारा, उत्तर हजर. मुलं इथे रमतात आणि इथेच अडकतात. कुठून तरी उचललेल्या दहा ओळी तिथे एकदम चिकटवल्या की लाल अक्षरं येतात, आणि चिरंजीव जाहीर करतात, ‘मला नाही जमत.’ अहो, ती जागाच एकेका ओळीसाठी आहे! फाइल मेनूतून नवी फाइल घ्यायची, सगळा प्रोग्राम तिच्यात लिहून सेव्ह करायचा आणि एफ-५ दाबायचं.

विषय घरचाच घ्या, सोसायटीचा मेंटेनन्स. चार फ्लॅटची थकबाकी: ८००, १५००, २२००, ६००. हजाराच्या वर असेल त्याला ५० रुपये दंड, शेवटी एकूण रक्कम. उत्तर ५२०० यायला हवं. पण एकूण छापणारी ओळ चुकून चार स्पेस आत, एकेक फ्लॅट मोजणाऱ्या लूपमध्ये गेली, तर ८००, २३५०, ४६००, ५२०० असे चार आकडे येतात. पायथन तक्रार करत नाही, कारण त्याच्या नियमात सगळं बरोबर आहे. अशी चूक स्वतः हुडकताना मूल जे शिकतं, ते तयार नोट्समधून येत नाही. लाल अक्षरं आलीच तर शेवटची ओळ आधी वाचावी, मग ओळीचा नंबर बघावा. एफ-५ दाबल्यावर लाल अक्षरांऐवजी चुकीची चौकट आली आणि खूण झालेल्या ओळीत काही सापडलं नाही, तर वरच्या ओळीत कंस उघडा राहिलाय का ते तपासावं.

आईबाबांना यातलं काही येत नसलं तरी चालेल. ‘दंडाची मर्यादा हजाराऐवजी दीड हजार कर, माझ्यासमोर चालवून दाखव,’ एवढंच म्हणा. स्वतः लिहिलं असेल तर एक आकडा बदलून ५१५० काढून दाखवेल. चॅटजीपीटीकडून आणलं असेल तर बहुधा आधी चाचपडेल.

महिनाभर हे चाललं आणि ‘ही यादी फाइलमधून कशी वाचायची?’ असं मूल आपणहून विचारू लागलं, तर क्लास जरूर बघा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठी निवेदनातले मोफत धडेही आहेत, ते आधी चाळा. आणि क्लासमध्ये गेलात की अभ्यासक्रमाचं चकचकीत पत्रक बाजूला ठेवून एका कॉम्प्युटरवर किती मुलं बसतात ते विचारा. तीन बसत असतील तर कीबोर्ड एकाच्या हातात, बाकीचे दोघं नुसते बघणार.